एकशेवीस फुटांखालचा समुद्र

६ एप्रिल १९३० रोजी दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मूठभर मीठ उचललं आणि वऱ्हाडातल्या कार्यकर्त्यांपुढे अगदी व्यवहारातली अडचण उभी राहिली. कायदा तर मोडायचा, पण मीठ करायचं कशाचं? अकोल्याहून मुंबई रेल्वेनं जवळजवळ सहाशे किलोमीटर. इथल्या कितीतरी माणसांनी जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. पुढे यातून एक वेगळी वाट निघाली. मिठाऐवजी जंगलचा कायदा मोडायचं ठरलं आणि १० जुलैला पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी सरकारी रानातलं गवत कापून अटक करवून घेतली. शाळेच्या पुस्तकात विदर्भ येतो तो बहुधा या जंगल सत्याग्रहामुळे. पण त्याआधीच, एप्रिल महिन्यातच, वऱ्हाडानं खरंखुरं मीठ केलं होतं. दहीहंड्याला, विहिरीच्या पाण्यातून.

दहीहंडा हे अकोला आणि अकोट यांच्यामधलं, पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं जुनं गाव. आता समुद्र नसलेल्या मुलखात मिठाची विहीर कुठून आली, हा प्रश्न सत्याग्रहींना पडला नाही. त्यांना ते आजोबा-पणजोबांपासून ठाऊक होतं. पण तो प्रश्न त्यांच्या आधी साठ-सत्तर वर्षांपूर्वी काही साहेबांना पडला होता, आणि त्याचं उत्तर शोधताना समुद्राच्या पाण्याबद्दलच एक गोष्ट कळते. म्हणून थोडं मागं जाऊ.

अकोटच्या उत्तरेला सातपुडा, त्याच्या खांद्यावर नरनाळ्याचा किल्ला. डोंगरातून उतरणारे ओढे पायथ्याशी दगडगोटे, वाळू आणून टाकतात, त्यात पावसाचं पाणी मुरतं, आणि म्हणून अकोट, तेल्हारा, अंजनगाव या पायथ्याच्या पट्ट्यात विहिरीचं पाणी गोड. संत्री, केळी, पानपिंपरी, पानमळे, सगळं याच पाण्यावर. अकोट सोडून अकोल्याकडे निघालं की चोहोट्टा बाजार येईपर्यंत बागा मागे पडलेल्या असतात. नुसती काळी, सपाट, भेगाळलेली जमीन. कपाशी, तूर, हरभरा. विहिरी दिसतात, मोट किंवा पंप दिसत नाही. हा खारपाणपट्टा. गांधीग्रामजवळ पूर्णा ओलांडली तरी तो संपत नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या वर त्याचा पसारा आहे. तोंडात घोट घेतला की कळतं. मुलगी द्यायची तर आधी गावात पाणी कसं आहे ते विचारायचं, ही इथली जुनी रीत. दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथात अकोलीच्या भास्कर पाटलाच्या शेतातली कोरडी विहीर महाराज पाण्यानं भरून टाकतात. ती अकोली अकोट तालुक्यातलीच. या मुलखात संतानं करून दाखवायचा चमत्कार पाण्याचाच असणार, यात नवल नाही.

आणि हे पाणी खारं का, असं विचारलं की म्हातारी माणसं सांगतात, ‘इथं पह्यले समुंदर होता म्हंतात.’

हे नुसतं पारावरचं बोलणं नव्हतं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. नव्या मुलखात काय पिकतं, काय खणून निघतं याची मोजदाद सुरू झाली आणि भूशास्त्रज्ञ पूर्णेच्या काठी आले. १८७९ साली मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांचा भारताच्या भूशास्त्रावरचा मोठा ग्रंथ निघाला, त्यात पूर्णेच्या गाळाची दखल आहे. अकोल्याच्या उत्तरेला, नदीच्या दोन्ही अंगांना, तीसएक मैलांच्या पट्ट्यात मिठासाठी विहिरी खणलेल्या होत्या. सर्वांत खोल विहीर सुमारे १२० फुटांची. वरची सगळी चिकणमाती ओलांडून गेलं की खाली वाळू-खड्यांचा थर लागे आणि त्यात खारट पाणी. ते शेंदून काढायचं, आटवायचं, खाली राहील ते मीठ. एकशेवीस फूट! हाताने, कुदळीनं, काळ्या मातीत, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. कोकणातल्या मिठागराला भरतीचं पाणी फुकट आत येतं. इथे समुद्र विहिरीतून शेंदून वर काढावा लागे.

ग्रंथात या विहिरी भूतकाळात येतात, ही बारीकशी गोष्ट माझ्या मते फार बोलकी आहे. मीठ हे सरकारच्या उत्पन्नाचं साधन होतं. कर वसूल करायचा तर मीठ मोजक्या ठिकाणी पिकलं पाहिजे, पाचपन्नास खेड्यांत विखुरलेल्या विहिरींवर पहारा कोण ठेवणार? त्यात १८६७ पर्यंत रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोहोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. गाठी मुंबईकडे जात, आणि परतीच्या डब्यांतून किनाऱ्याचं मीठ इकडे येऊ लागलं. त्याआधी ते लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून घाट चढून येई. वर्षाकाठी एकदा येणारा तांडा, त्याचा हंगामी भाव, आणि त्यावर उतारा म्हणून गावचं विहिरीचं मीठ, ही सगळी व्यवस्था एका पिढीत मोडली. १८८२ च्या मीठ कायद्यानं तर घरच्या कढईत मीठ आटवणं हाच गुन्हा ठरला.

त्याच वर्षांत, इथून हजारो मैलांवर, समुद्राच्या पाण्याचा हिशेब चालला होता. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाचं ब्रिटिश जहाज जगभरच्या महासागरांत फिरलं. त्यानं जागोजागी, वेगवेगळ्या खोलींवरून पाणी भरून आणलं. त्यातले ७७ नमुने ग्लासगोच्या विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. आधी फोर्शहामर वगैरेंनी जे सुचवलं होतं ते त्यानं पक्कं केलं. समुद्राचा खारेपणा जागेप्रमाणे कमीजास्त होतो, पण त्यातल्या क्षारांचं आपसांतलं प्रमाण बदलत नाही. एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. त्यात क्लोराईड १९ ग्रॅमच्या वर, सोडियम १०.८ च्या आसपास, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी जेमतेम ०.४. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त म्हणून पाणी जास्त खारट. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रा ओततात म्हणून ते फिकं. पण दोन्हीकडे वाटे तेच. वरण पातळ झालं, घट्ट झालं, फोडणी तीच.

म्हणजे समुद्राच्या पाण्याला स्वतःची एक सही आहे. नदीच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट पुढे असतात, समुद्रात ती उतरंड उलटी होते. याला कारण बऱ्याच अंशी तिथले जीवच. शिंपले, प्रवाळ, डोळ्यांना न दिसणारे तरंगते जीव पाण्यातलं कॅल्शियम उचलून कवचं घडवतात, मरतात, तळाशी जातात. सोडियम आणि क्लोराईड कुणाला फारसं नको असतं, ते साचत राहतं. समुद्राचं पाणी तिथल्या जिवांना घडवतं हे आपण सहज म्हणतो. जीवही पाण्याला घडवत आले आहेत.

मग पूर्णेखालचं पाणी? ब्लॅनफर्डमंडळींनी त्या गाळात समुद्राची खूण शोधली. एकही सागरी शिंपला, शंख, प्रवाळाचा तुकडा सापडला नाही, आणि त्यांनी तसं सरळ लिहून टाकलं. समुद्र या बाजूला कधी आलाच नाही असं नाही. सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या खालच्या खोऱ्यात, बाघच्या दगडांत सागरी जीवाश्म आहेत. पण तो समुद्र दख्खनचा काळा दगड तयार होण्याच्याही आधीचा, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. पूर्णेचा गाळ त्यापुढे कालचा. गाविलगडच्या डोंगराला लागून जमीन खचत गेली, खोलगट भाग झाला, आणि नद्यांनी तो शेकडो मीटर जाडीच्या गाळानं भरला. या बशीत उतार कमी, माती चिकण, पाऊस बेताचा, ऊन मात्र पंचेचाळीस अंशांच्या वर. खडक झिजतात, त्यांतलं सोडियम पाण्यात येतं, पाणी पुढे सरकत नाही, वाफ होऊन जातं, क्षार मागे. नेमकं किती मीठ कुठल्या वाटेनं आलं यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण एक बाब बहुतेकांना मान्य आहे. इथला खारेपणा समुद्रानं मागे ठेवलेला नाही. तो समुद्राकडे निघालेला आणि वाटेत अडकून पडलेला आहे. पूर्णा चांगदेवला तापीला मिळते, तापी सुरतेपुढे खंबायतच्या आखातात. पाण्याचा निचरा नीट झाला असता तर दहीहंड्याचं मीठ तिकडे गेलं असतं.

आयर्लंडच्या जॉन जोलीनं १८९९ मध्ये याच वाटेवरून पृथ्वीचं वय काढलं होतं. नद्या दरवर्षी इतकं सोडियम समुद्रात नेतात, समुद्रात आज एकूण इतकं आहे, भागाकार केला, आठ-नऊ कोटी वर्षं. उत्तर पन्नासपटीनं चुकलं. मीठ वाटेत अडकतं, तळाच्या गाळात पुरलं जातं, समुद्रातूनही परत जमिनीवर येतं, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

खारं पाणी म्हणजे समुद्र, ही समजूत मात्र घट्ट आहे. ती सोडायची तर मीठ जिवांचं नेमकं काय करतं ते पाहावं लागतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात पाणी सुटतं, हे घराघरांत ठाऊक आहे. पातळ द्रावणातलं पाणी घट्ट द्रावणाकडे ओढलं जातं. समुद्रातला हाडांचा मासा सतत त्या फोडीच्या जागी असतो. त्याच्या अंगातला खारेपणा बाहेरच्या एक-तृतीयांश, म्हणून त्याचं पाणी बाहेर खेचलं जातं. तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर फेकतो. पूर्णेतल्या मरळीचं उलट. तिच्या अंगात पाणी घुसत राहतं, ती पाणी पीत नाही, भरपूर पातळ मूत्र सोडते आणि क्षार कल्ल्यांनी ओढून घेते. शार्कनं तिसरी युक्ती काढली. रक्तात युरिया साठवून ती बाहेरच्या पाण्याइतकी घट्ट होऊन बसते. कपाशीच्या मुळाला यातलं काहीच येत नाही. खारपाणपट्ट्यात कुणी हौसेनं विहिरीचं पाणी दिलं तर जमीन ओली असून झाड तहानेनं सुकतं. कैरीची फोडच ती.

सोडियमचा दुसरा खेळ याहून विचित्र आहे. नदी गढूळ पाणी घेऊन खाडीत शिरते तेव्हा समुद्राच्या क्षारांमुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि खाली बसतात. कोकणातल्या खाड्यांचा चिखल, त्यावरच्या खारफुटी, त्यांतले खेकडे, निवट्या, कोळंबीची पिल्लं, हे सगळं या बसलेल्या मातीवर. पूर्णेच्या काठी पावसाचं गोडं पाणी वरचे सुटे क्षार धुऊन नेतं, पण मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम जात नाही. मग तेच कण एकमेकांपासून सुटतात, फुगतात, भेगा बुजवतात. पाणी मुरणं बंद. एकच मूलद्रव्य, तिकडे गाळ बसवतं, इकडे जमीन चिकट लगदा करून टाकतं. इलाज म्हणून अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षं जिप्सम टाकायला सांगतं. कॅल्शियम आलं की ते सोडियमला कणांवरून हुसकतं.

आणि वऱ्हाडातच, शंभर-दीडशे किलोमीटर दक्षिणेला, खाऱ्या पाण्याचा आणखी एक नमुना आहे. लोणार. उल्केच्या आघातानं झालेलं जवळजवळ दोन किलोमीटर व्यासाचं विवर, तळाशी सरोवर. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं ‘ऐन-इ-अकबरी’त लिहिलंय की या भागात काच आणि साबण करायचं साहित्य मिळतं. साबण! म्हणजे नुसतं मीठ नाही, सोडा. समुद्राचा पीएच आठच्या जरा वर, लोणारचा दहाच्या आसपास. अशा पाण्यात माशाचा निभाव लागणं कठीण. पण स्पिरुलिनासारखी निळी-हिरवी शेवाळं मात्र मुबलक. जून २०२० मध्ये पाणी घटून खारटपणा वाढला तेव्हा मीठप्रेमी सूक्ष्मजीव माजले आणि अख्खं सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून कारण सांगेपर्यंत मोबाईलवर काय काय भाकितं फिरत होती, ते आठवून आजही हसू येतं.

समुद्रातला जीव मात्र या दोन्ही पाण्यांतल्या जिवांहून जास्त लाडावलेला आहे. त्याचं पाणी वर्षभरात काही अंशांनीच तापतं-निवतं. हवेपेक्षा कितीतरी जड असल्यानं ते त्याचा भार उचलतं, म्हणून जेलीफिशला हाडं लागत नाहीत आणि देवमासा स्वतःच्या वजनाखाली चिरडत नाही. एका गोष्टीत तेवढा तोटा. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्यापेक्षा पाचवा हिस्सा कमी विरघळतो, आणि तापलं की आणखी कमी. १९३३-३४ मध्ये सेमूर स्युएल यांच्या नेतृत्वाखाली ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजानं अरबी समुद्र तपासला तेव्हा मधल्या खोलीचं पाणी प्राणवायूविना जवळजवळ मेलेलं आढळलं. मुंबईच्या मासळीबाजारात पापलेट येतो तो त्या थराच्या वरच्या उथळ पाण्यातून.

स्युएलच्या या सफरीच्या आधी तीन वर्षं दहीहंड्याला चूल पेटली होती. सत्याग्रह चालवणाऱ्या वऱ्हाड युद्धमंडळाच्या पुढाकारानं ते झालं. त्यात अमरावतीचे वीर वामनराव जोशी होते, ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभी’ लिहिणारे नाटककार, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी होते, दुर्गाताई जोशींसारख्या स्त्रियाही होत्या. विहिरीचं पाणी शेंदलं, आटवलं, मीठ झालं, पुढाऱ्यांना अटका झाल्या. दर्यापूरकडच्या भामोदलाही खाऱ्या विहिरीतून असंच मीठ काढलं गेलं. मला यात नाटककाराची एक गंमत दिसते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी सरकारनं मोडलेला गावचा धंदा पुन्हा रंगमंचावर आणायचा, आणि तोही त्याच मुलखात, जिथं म्हाताऱ्यांना तो नुसता ऐकून का होईना माहीत होता. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम उरतं, म्हणून पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. मिठागरातले आगरी शेवटचं कडू पाणी मुद्दाम काढून टाकतात ते त्यासाठीच. दहीहंड्याच्या कढईत ते कितपत उतरलं हे बघायला त्या दिवशी कुणाला सवड नसणार. चवीसाठी ते मीठ केलेलंच नव्हतं.

मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मिठाचं एक कलम आलं. जिथं मीठ होऊ शकतं त्याच्या लगतच्या गावांनी घरच्यापुरतं आणि गावात विकण्यापुरतं ते करावं, बाहेर विकू नये. मनात किनारा ठेवून लिहिलेलं कलम होतं ते, पण अक्षरशः वाचलं तर पूर्णाकाठच्या खेड्यांनाही लागू. तोवर मात्र शेंदून आटवण्यापेक्षा दुकानातलं मीठ स्वस्त पडत होतं. १९४७ मध्ये कर गेला, आणि विहिरींच्या मिठाचं कुणाला काही राहिलं नाही. जे उरलं ते खारं पाणी.

त्यानंतरचा इतिहास गोड्या पाण्याचा आहे. सातपुड्यातल्या वान नदीवर वारीजवळ धरण झालं आणि तिथून अकोट-तेल्हारा भागातल्या गावांसाठी चौऱ्याऐंशी खेडी योजना निघाली. नळ येतो तेव्हा घरात जे जे भांडं असेल ते भरून ठेवायचं, ही सवय अजून गेलेली नाही. शेतात शेततळी आली. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातली गावं मुद्दाम वेगळी धरली गेली.

आता कधीमधी कुणीतरी विचारतं, पाणी खारं आहे तर यात समुद्राची कोळंबी का वाढवू नये? हा प्रयोग हरियाणात झालाय. रोहतकजवळ लाहलीला, मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या केंद्रात. जमिनीखालचं खारट पाणी तळ्यात भरलं, खारेपणा समुद्रातल्या कोळंबीला चालेल इतकाच होता, तरी पिल्लं तगेनात. मोजलं तर पोटॅशियम कमी. जमिनीतून झिरपताना चिकणमातीच्या कणांनी ते धरून ठेवलं होतं. खारेपणा समुद्राचा, फोडणी दुसरीच. मग संशोधकांनी पाण्यात म्युरेट ऑफ पोटॅश मिसळलं आणि कोळंबी जगली, वाढली, विकली गेली. अकोटच्या कृषी केंद्रात कपाशीला टाकायला मिळतं ते हेच, लालसर खड्यांचं, पोत्यातलं पोट्याश.